उचंत खाते

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चिरंजीवांनी दुकानात येऊन माझ्यापुढे एक दरपत्रक ठेवले. नवा संगणक, त्यात अमुक प्रोसेसर, तमुक ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिवे लागणारी काचेची पेटी. एकूण बेरीज ब्याण्णव हजार चारशे रुपये. मुलगा नववीत आहे. सांगलीत आमची हळदीची अडत आहे, तीन पिढ्यांची. दरपत्रक दिसले की माझा हात आधी पेन्सिलीकडे जातो. मी एवढेच विचारले, "याच्यावर खेळायचे काय आहे?"

तो म्हणाला, "काकांचे जुने खेळ."

माझ्या धाकट्या भावाने पुण्यात शिकत असताना, २००९ साली, प्लेस्टेशन २ हे खेळाचे यंत्र घेतले होते. सोबत पाच खेळांच्या तबकड्या. आमच्या घरच्या शिरस्त्याप्रमाणे सगळ्यांची बिले खोक्यात जपून ठेवलेली. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि यंत्र घरी राहिले. दोन वर्षांनी एकदा तो सुट्टीला येई, तेव्हा काका-पुतणे जेवणखाण विसरून त्याच्यापुढे बसत. आता त्या यंत्राची तबकडी वाचणारी दृष्टी गेली होती. तबकडी फिरे, थांबे, आणि पडद्यावर चूक झाल्याची सूचना येई. काका मे महिन्यात येणार होते. मुलाची खरी निकड ती होती.

"पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचे खेळ चालवायला ब्याण्णव हजारांचे यंत्र कशाला? पंधरा हजारांत बसव," मी म्हणालो. "हिशेब तू ठेवायचा. मी फक्त पैसे मोजणार."

तो नाराज झाला, पण दोनच दिवसांत वही घेऊन परत आला. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी जे शिकलो, ते आपल्यासारख्या व्यापारी घरांतील वाचकांना सांगावेसे वाटते. त्यात संगणकाचा भाग आहे, आणि जो भाग संगणकाचा नाही त्यासाठीच खरे तर हे लिहितो आहे.

जुन्या यंत्राचे खेळ नव्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला इम्युलेटर म्हणतात. मला तो समजला आमच्या जुन्या वह्यांवरून. आजोबांच्या काळातील आमची कीर्द-खतावणी मोडीत आहे. आजच्या कारकुनाला ती वाचता येत नाही. मोडी जाणणारा कोणी शेजारी बसून ओळ वाचेल, समजून घेईल आणि देवनागरीत सांगेल, तरच हा लिहून घेणार. इम्युलेटर म्हणजे असा दुभाष्या. खेळ प्लेस्टेशनच्या भाषेत लिहिलेला आहे. इम्युलेटर तो वाचून संगणकाच्या भाषेत सांगत जातो.

मात्र मूळ लिहिणाऱ्यापेक्षा या दुभाष्याला कितीतरी चपळ असावे लागते. प्लेस्टेशन २ जपानमध्ये मार्च २००० मध्ये बाजारात आले. त्याच्या मुख्य प्रोसेसरचा वेग सुमारे २९५ मेगाहर्ट्झ आणि मुख्य मेमरी अवघी ३२ मेगाबाइट. आज हे आकडे क्षुल्लक वाटतात. पण त्या यंत्रात मुख्य प्रोसेसर, गणिताचे दोन वेगळे विभाग, चित्र काढणारी चिप आणि आवाजाची चिप हे सगळे एकाच वेळी आपापले काम करीत. दुभाष्याला त्या सर्वांचे बोलणे एकाच वेळी ऐकून, त्यांचा आपसातील मेळ न बिघडवता सांगावे लागते. भावाच्या तबकड्या पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास चित्रांच्या. प्रत्येक चित्राला वेळ २० मिलिसेकंद. एवढ्यात काम उरकले नाही, की चित्र अडखळते आणि आवाज फाटतो.

यावरून खरेदीचा पहिला नियम निघाला. मुलगा आधी म्हणत होता, जितके जास्त कोअर तितका संगणक चांगला. वाचून-विचारून त्याच्या लक्षात आले, की या कामाचा बराचसा भार दोन-तीन कोअरवरच पडतो. त्यामुळे संख्या वाढवण्यापेक्षा एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा. यार्डात हे आपण रोज पाहतो. काट्यावर मापाडी एकच असेल, तर हमाल कितीही वाढवा, तोलाई लवकर होत नाही.

दुसरा नियम असा, की नवे घ्यायचे नाही. मोठ्या कचेऱ्या चार-पाच वर्षांनी आपले संगणक एकगठ्ठा विकतात. ते दिसायला साधे, पण बांधणीला भक्कम असतात. पुण्यातील एका जुन्या संगणकांच्या व्यापाऱ्याकडे इंटेलचा आय-५ ६५०० प्रोसेसर आणि ८ गिगाबाइट मेमरी असलेला बुटका कचेरीतला संगणक साडेआठ हजारांना मिळाला. २०१५ सालचा हा प्रोसेसर चार कोअरचा असून त्याचा वेग ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आमच्या कामाला तेवढा पुरेसा होता.

तिसरी वस्तू ग्राफिक्स कार्ड. येथे मात्र मुलाने मला चकित केले. बुटक्या पेटीत बुटकेच कार्ड बसते, आणि तिचा वीजपुरवठाही बेताचा. म्हणून त्याने जीटी १०३० हे कार्ड ठरवले. त्याला जेमतेम ३० वॅट वीज लागते आणि वेगळी तार जोडावी लागत नाही. विक्रेत्याने फोनवर भाव सांगितला, तेव्हा मी लगेच हो म्हणणार होतो. मुलाने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारले, "मेमरी कोणती? जीडीडीआर५ की डीडीआर४?" विक्रेता म्हणाला, "नाव तेच आहे, फरक नाही." मुलगा म्हणाला, "फरक आहे. मागच्या पट्टीचा फोटो पाठवा."

फरक होताच. हे कार्ड २०१७ साली आले, तेव्हा त्याची मेमरी सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती ने-आण करी. पुढच्या वर्षी त्याच नावाने स्वस्त मेमरीचे कार्ड निघाले. त्याची ने-आण जेमतेम १७ गिगाबाइट. नाव एक आणि माल दोन. राजापुरी म्हणून दुसरीच हळद गळ्यात मारणारे आपल्याला नवे नाहीत. हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय बोली लावू नये, हे मला अण्णांनी शिकवले. मुलाला ते कोणी न शिकवता कळले होते. दुसऱ्या विक्रेत्याकडून खात्रीचे कार्ड चौतीसशेला आले.

हिशेब असा झाला. संगणक ८,५००, कार्ड ३,४००, माहिती साठवण्यासाठी नवी एसएसडी १,४५०, दोन खेळपट्ट्या, म्हणजे हातात धरायचे कंट्रोलर, १,३००, प्रोसेसरवर लावायचा उष्णतावाहक लेप १५०, टीव्हीला जोडायची तार १८०. एकूण १४,९८० रुपये. वीस रुपये त्याने मला परत दिले.

रविवारी माडीवर पेटी उघडली. आत एखाद्या कचेरीची दहा वर्षांची धूळ होती. ती ब्रशने हलकेच काढली. पंख्याखालचा जुना लेप वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. विंडोज ११ या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही, म्हणून मुलाने लिनक्स घातले. ते विनामूल्य आहे. प्लेस्टेशन २ साठीचा पीसीएसएक्स२ हा इम्युलेटरही विनामूल्य. जगभरचे स्वयंसेवक वीस वर्षांहून अधिक काळ तो घडवीत आले आहेत आणि त्यांनी तो सर्वांसाठी खुला ठेवला आहे. संध्याकाळी यंत्र सुरू झाले. मुलगा आनंदाने म्हणाला, "पप्पा, आता तबकड्यांचीसुद्धा गरज नाही. सगळे खेळ इंटरनेटवर फुकट मिळतात. काकांचे पाच कशाला, पाचशे उतरवून घेऊ. आणि तुमच्या लहानपणचा तो काँट्रासुद्धा!"

'काँट्रा' हे नाव ऐकून माझा हात जागच्या जागी थांबला. मी "पाहू" म्हणालो आणि खाली आलो. त्याला नाही म्हणण्याचा अधिकार मला आहे का, हे मला ठरवता येईना.

ही गोष्ट १९९३ सालची. मी तेरा वर्षांचा होतो. मुंबईच्या मामांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्याबरोबर आलेल्या कॅसेटमधील मोटारसायकलचा आणि सर्कशीचा खेळ आम्ही भाऊ खेळत असू. मित्राच्या घरी मात्र 'काँट्रा' होता. दोन जवान, हातात बंदुका, समोरून येणारे शत्रू. आईजवळ हट्ट धरला. दिव्यावर पाखरू येऊन पडले तरी हळहळणारी आमची आई. ती म्हणाली, "खेळात का होईना, बंदूक घरात नको." विषय संपला. बसस्टँडजवळच्या एका दुकानात ती पिवळी कॅसेट एकशे पंचाहत्तर रुपयांना होती. एका दुपारी अण्णा यार्डात गेले होते, दिवाणजी पाणी प्यायला आत वळले होते, आणि गल्ल्याचे झाकण उघडे होते.

त्या रात्री दुकान वेळेवर बंद झाले नाही. रोकड मेळात बसेना. आमचे दिवाणजी पंचवीस वर्षे पेढीवर होते. त्यांच्या हातून आण्याची चूक झाल्याचे कोणाला आठवत नव्हते. कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली चष्मा पुसून पुसून त्यांनी तीन वेळा बेरीज केली. मी जिन्यात बसून पाहत होतो. उठून बोललो नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "उचंतात टाका दिवाणजी. उद्या बघू." काँट्रा मी मित्राच्या घरी नेऊन ठेवला आणि तिथेच खेळलो. दिवाणजी पुढे दहा-बारा वर्षांनी निवर्तले. त्यांच्या तिरडीला मी खांदा दिला, पण ही गोष्ट त्यांना कधी सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा यंत्रासाठी माडीवरचे मेज रिकामे करीत होता. त्यावर लाल बासनांत बांधलेल्या जुन्या वह्या होत्या. अण्णा आता अठ्ठ्याहत्तरीत आहेत. दुकानात फारसे येत नाहीत, पण वह्यांना कोणी हात लावला की त्यांना जिन्याखालून कळते. ते वर आले. मुलगा एक छोटी वही चाळत होता. त्याने विचारले, "आजोबा, उचंत म्हणजे काय? प्रत्येक वर्षाच्या पानावर हेच लिहिलंय. 'उचंत, रुपये १७५'."

अण्णा खुर्चीत बसले. "ज्या रकमेचा धनी अजून ठरलेला नाही, ती उचंत. पैसे गेले हे खरं. कुठे गेले ते लिहायचं बाकी आहे."

"आणि तीस वर्षांत ठरलं नाही?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मी दारात उभा होतो. मुलासमोर सांगणे कठीण होते. न सांगता त्याला 'फुकटचे घेऊ नकोस' म्हणणे त्याहून कठीण होते. मी म्हणालो, "ते मी घेतले होते. कॅसेटसाठी."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तेच म्हणाले, "दिवाणजींनी तुला गल्ल्यापाशी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, 'मालक, रक्कम माझ्या नावे टाका आणि पगारातून वळती करा. पोर लहान आहे, त्याच्या नावाने वहीत काही लिहू नका.' त्यांच्या नावे टाकली असती तर वही खोटी झाली असती. तुझ्या नावे टाकली असती तर पुसता आली नसती. म्हणून उचंतात ठेवली. हिशेब संगणकावर आले तेव्हा सीए म्हणाले, काढून टाका, एवढ्याशा रकमेचं काय. पेढीच्या वहीतून काढली, पण या माझ्या वहीत दर पाडव्याला पुढे ओढत आलो. म्हटलं, येईल कधीतरी भरायला."

म्हणजे त्या रात्रीची तिसरी बेरीज चूक शोधण्यासाठी नव्हती. कोणी जिन्यातून उठून खाली येते का, याची दिवाणजी वाट पाहत होते.

मी व्याजाचे विचारले. अण्णा म्हणाले, "मुद्दल भर. पोरासमोर बोललास, त्यात व्याज आलं." मी एकशे पंचाहत्तर रुपये त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते मोजून घेतले.

मग मुलाने आपला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. इंटरनेटवरून खेळ उतरवून घेतले तर कोणाचे काय जाते? गल्ल्यातली नोट गेली की गल्ला रिकामा होतो. इथे तर मूळ वस्तू जिथल्या तिथे राहते. प्रश्न बिनतोड वाटत होता. अण्णांना इम्युलेटर ठाऊक नाही, पण त्यांनी उलट विचारले, "तो दुभाष्या तुला कुणी दिला?"

"ज्यांनी केला त्यांनीच. सगळ्यांसाठी ठेवलाय."

"आणि खेळ?"

"ज्यांनी केला त्यांनी नाही. तिसऱ्याच कोणी ठेवलाय."

"मग तो अदत्त. दिलेलं फुकट घ्यावं आणि उपकार मानावेत. न दिलेलं एक रुपयाचं असलं तरी घेऊ नये. किती उणं झालं हे मागाहून बघायचं. कुणी दिलं, हे आधी."

शब्द आपल्या सर्वांच्या ऐकण्यातला आहे. तो संगणकाच्या मेजापाशी इतका चपखल बसेल, असे मला वाटले नव्हते.

त्या रात्री मुलाने वहीत दोन रकाने पाडले, 'दिलेले' आणि 'न दिलेले'. लिनक्स आणि इम्युलेटर पहिल्यात गेले. काकांना फोन केला, ते हसून म्हणाले, "यंत्र आणि तबकड्या तुझ्याच. बिलेही तुझी." त्याही पहिल्यात आल्या. प्लेस्टेशन २ च्या तबकड्या साध्या डीव्हीडीसारख्या असतात; संगणकाच्या नेहमीच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये त्यांची प्रत निघते. यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, ज्याला बायोस म्हणतात, तो मात्र सोनी कंपनीच्या मालकीचा आहे आणि इम्युलेटरबरोबर मिळत नाही. तोही इंटरनेटवरून न घेता मुलाने काकांच्याच यंत्रातून मेमरी कार्डाच्या मार्गाने काढून घेतला. यंत्राची दृष्टी गेली होती, मेंदू शाबूत होता. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. इंटरनेटवरून तो दोन मिनिटांत आला असता.

कायद्याचे म्हणाल, तर मी वकील नव्हे. एवढे वाचले, की अमेरिकेत सोनी आणि कनेक्टिक्स यांच्यातील खटल्यात २००० साली अपील न्यायालयाने इम्युलेटर घडवण्याच्या बाजूने निकाल दिला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, संगणकीय प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मोकळीक आहे. न विकत घेतलेल्या पाचशे खेळांना यातील काहीही लागू होत नाही.

काँट्राचा प्रश्न उरला होता. तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. आपल्या बाजारात त्या काळी मिळणाऱ्या त्या पिवळ्या कॅसेटी बहुतेक बनावट प्रती होत्या. खेळ करणाऱ्या कोनामी कंपनीला त्यातून काही मिळत नव्हते. म्हणजे गल्ल्यातल्या चोरीच्या पैशांनी मी चोरीचाच माल घेतला होता, आणि माझे देणे एका ठिकाणी नसून तीन ठिकाणी होते. मुलाने शोधून काढले, की कोनामीने २०१९ साली जुन्या काँट्रा खेळांचा एक संच संगणकासाठी अधिकृतपणे काढला आहे. त्याच्याही आत इम्युलेटरचीच युक्ती आहे. तो मी रीतसर पैसे भरून घेतला. पावती छापून वहीत लावली.

आईला आधी विचारले. तिने बराच वेळ विचार करून सांगितले, "एकदा खेळा आणि ठेवून द्या." मे महिन्यात भाऊ आला. काका-पुतण्यांनी आठवडाभर तबकड्यांवरचे शर्यतीचे आणि क्रिकेटचे खेळ खेळले; यंत्र कुठे अडखळले नाही. एका रात्री आम्ही दोघे भाऊ काँट्रा खेळायला बसलो. वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे. तीन जिवांचे तीस करणारी ती खूण बोटांना अजून पाठ होती. अर्ध्या तासात तीसही संपले. मी खेळ बंद केला आणि पुन्हा उघडला नाही.

पेढीचे देणे फिटले. कोनामीचे फिटले. तिसऱ्या देण्याचा धनी आता नाही. अण्णांच्या वहीत 'उचंत, १७५ जमा' अशी नोंद करून खात्याखाली रेघ मारायची होती. अण्णांनी लेखणी माझ्या हातात दिली. मी नोंद केली, आणि तिच्याखाली दिवाणजींचे नाव लिहिले. रकमेचा रकाना कोरा ठेवला. अण्णांनी चष्मा लावून ते पाहिले, काही बोलले नाहीत. वही मिटून बासनात बांधली आणि मुलाच्या हाती दिली.